बाळगुटी

२०२४ च्या नाताळच्या रात्री, आमच्याकडचे सगळे गेल्यावर, आई सिंकपाशी उभी होती. मी तिला दहा वेळा सांगितलं की राहू दे, सकाळी बाई येतात, पण उष्टी भांडी रात्रभर ठेवणं तिच्या हिशोबात बसत नाही, त्यातून दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. भांडं विसळायच्या आधी नाकाशी न्यायची तिची जुनी सवय आहे. दूध नासलंय का, तुपाचा ओशटपणा राहिलाय का, हे ती डोळ्यांनी बघतच नाही. तर तिने ओट्यावरचा एक कटिंगचा ग्लास उचलला, नाकाशी नेला, थांबली, परत एकदा नेला आणि म्हणाली, "हा तर ह्यांच्या रुमालाचा वास." मग नळ सोडला आणि पुढचा ग्लास घेतला.

त्या ग्लासात जिन होती.

आमचे बाबा आयुष्यात कधी प्यायले नाहीत, असं मी गेली पंचवीस वर्षं लोकांना सांगत आलेय. नवऱ्याला लग्नाआधी सांगितलं होतं, तेही जरा तोऱ्यातच. आणि आता मी टॉवेल हातात घेऊन तिथे उभी, आणि आई काहीच विशेष बोलली नाही अशा थाटात साबण लावतेय. मी "म्हणजे?" असं विचारायला हवं होतं. नाही विचारलं. पुढचे कितीतरी दिवस ते वाक्य माझ्या मागे लागलं होतं, सिग्नलला थांबले की आठवायचं.

मुळात हे सगळं सुरू झालं एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून. ग्रुपचं नाव 'जिन-गल बेल्स', त्यावरून आमच्या विनोदाची पातळी कळेल. नवऱ्याच्या एका मित्राला हल्ली जिनचं वेड लागलंय, आधी त्याला सायकलचं होतं, त्याआधी कॅमेऱ्याचं. त्याने ठरवलं की पंचवीस तारखेला सगळ्यांनी एकेक बाटली आणायची, ग्लासांच्या बुडाला नंबर चिकटवायचे, कुठली कुणाची ते न सांगता चाखायचं आणि मार्क द्यायचे. आमच्या कोथरूडच्या घरी करू म्हणाला, कारण आमचं डायनिंग टेबल मोठं. खास ग्लास कुणाकडेच नव्हते, म्हणून मी कटिंग चहाचे काढले, आणि खरं सांगते, दोन घोटांच्या कामाला त्यांच्यापेक्षा चांगलं काही नाही. पाच बाटल्या जमल्या. दोन बाहेरच्या, म्हणजे बॉम्बे सफायर आणि हेंड्रिक्स, आणि तीन गोव्यात बनणाऱ्या, ग्रेटर दॅन, हपुसा, स्ट्रेंजर अँड सन्स. वाईन शॉपवाल्याने माझी बाटली नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार प्यायला परवाना लागतो, तो आमच्यापैकी किती जणांकडे आहे हे कुणी कुणाला विचारलं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळायची गंमत अशी की लांबून बघणाऱ्याला त्यात काय आहे ते जास्तच लवकर कळतं.

सगळं मांडून झालं आणि साडेसातला बेल वाजली. गुरुवारी सकाळी येणार असलेली आई बुधवारी संध्याकाळी दारात. शनिवार पेठेतून एकटी रिक्षाने आलेली, एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात मंडईतून घेतलेली पाच फळं, पत्री आणि वेणी. "सकाळी रिक्षा मिळत नाही लवकर" म्हणाली आणि चपला काढून सरळ आत आली. टेबलावर पाच बाटल्या, वीस ग्लास, बर्फाचं भांडं. नवरा उठून उभा राहिला, शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर उभं राहतात तसा.

"पिताय का?" आईने विचारलं, अगदी 'जेवताय का' विचारावं तसं.

"नाही नाही आई, टेस्टिंग आहे."

"बरं," आई म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

हा शब्द मला तेव्हाच टोचला होता थोडासा. टेस्टिंग म्हटलं की एकदम काहीतरी अभ्यास चालल्यासारखं वाटतं. वही-पेन्सिल असते, मधेमधे पाणी प्यायचं असतं, जीभ साफ करायला कुरमुरे ठेवायचे असतात (परदेशी लोक साधी बिस्किटं ठेवतात म्हणे, आम्ही कुरमुरे). आमच्या वाड्यात समोरच्या बिऱ्हाडातले एक काका होते, ते प्यायचे आणि त्याला सगळा वाडा 'पिणं' म्हणायचा. मुलांना त्यांच्या दाराशी खेळू देत नसत. त्यांनी चार बाटल्या ओळीत मांडून, पेन्सिलीने मार्क देत हेच केलं असतं तर वाड्याने काय म्हटलं असतं कोण जाणे.

चाखायला मात्र मजा आली, खोटं कशाला बोलू. आधी नुसती नाकाशी न्यायची, मग एक अगदी छोटा घोट, मग तेवढंच पाणी घालून परत. आपल्याकडची जिन बहुतेक ४२.८ टक्क्यांची असते, नुसती घेतली की जीभच बधिर होते आणि मग सगळ्या सारख्याच लागतात, पाणी घातल्यावर वास मोकळे होतात. सगळ्यांत समान धागा ज्युनिपरचा, तो असल्याशिवाय जिनला जिन म्हणत नाहीत. छोट्या निळसर-काळ्या बोरांसारखं दिसतं, पण फळ नाही, पाइनच्या झाडाला लागतं तशा जातीचं बोंड, फक्त मांसल. त्याचा वास सांगणं अवघड आहे. देवळात कापूर विझल्यानंतर राहतो तसा, त्यात थोडी कैरीची साल, आणि मागून नवीन फर्निचर. पहिल्या ग्लासाला गवती चहा आणि आल्याचा वास येत होता, आम्ही सगळ्यांनी वहीत 'चहा' लिहिलं आणि मित्राने नाक मुरडलं. एकात काकडी होती आणि लांबून गुलाब, लग्नात अंगावर गुलाबपाणी शिंपडतात त्याची आठवण झाली मला. एक जरा राकट, मातीचा, हळदीचा, ओल्या लाकडाचा वास येणारा होता, तो मला सगळ्यात आवडला आणि बाकी कुणालाच नाही. आणि मित्राने डोळे मिटून ज्याला 'हे नक्की इम्पोर्टेड' म्हटलं ती पाचातली सगळ्यात स्वस्त गोव्याची निघाली. त्यावर तो म्हणाला की बर्फ चुकीचा होता.

आई पाय धुऊन, देवाला नमस्कार करून आली आणि खुर्ची ओढून चक्क आमच्यात बसली. तिला नुसतं टॉनिक वॉटर दिलं, म्हटलं ह्यात काही नाही, कडवट सोडा आहे. तिने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अगं, हे तर कोयनेल!" लहानपणी तिला हिवताप आला होता तेव्हा कोयनेल द्यायचे, गोळी जिभेला लागली की दिवसभर पाणीसुद्धा कडू लागायचं, ती चुकवायला ती केळ्यात घालून गिळायची वगैरे. मित्राला आनंदच झाला, कारण त्याला टॉनिकमधलं क्विनाईन सिंकोना झाडाच्या सालीतलं, इंग्रजांनी हिंदुस्थानात मलेरियासाठी ते घेतलं आणि कडूपणा मारायला त्यात जिन घातली, हे सगळं सांगायचंच होतं. आईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आम्हाला केळं द्यायचे."

मग तिने बाटल्या बघायला मागितल्या. चष्मा लावून निळी बाटली हातात घेतली, बॉम्बे लिहिलंय म्हणजे मुंबईची का म्हणून विचारलं. नाही, विलायतेची, तिकडे हॅम्पशायरमध्ये बनते, नाव तेवढं आपलं. त्या बाटलीत कायकाय घातलंय त्या दहा जिनसांची नावं मित्राला पाठ, तो इंग्रजीत सांगत गेला आणि आई मराठीत करत गेली. लिकोरिस म्हणजे? ज्येष्ठमध. कोरिअँडर सीड, धणे. आमंड, बदाम. कॅसिया, ती जाड दालचिनी. क्युबेब कुणालाच कळेना, फोनवर शोधलं तर फोटो आला, शेपटीवाली मिरी. "कंकोळ आहे हे, विड्यात घालतात," आई म्हणाली. ऑरिस रूट म्हणजे एका फुलझाडाचं मूळ, वाळवलेलं, त्याचा फोटो बघून म्हणाली वेखंडाच्या भाऊबंदातलं दिसतंय. दोन-तीन नावं सोडून दिली. मग बाटली टेबलावर ठेवून म्हणाली, "ज्येष्ठमध, बदाम, वेखंड. मग ही बाळगुटीच झाली की."

इतके हसलो आम्ही. पण मी नंतर विचार करत बसले. माझ्या मुलीला तीन महिने आईने गुटी दिली होती, सहाणेवर माझ्याच दुधात उगाळून. बदामाचे इतके वेढे, हळकुंडाचा एक, हिरड्याचा अर्धा, सुंठ थंडी असेल तर, जायफळाचा अगदी एकच कारण पोर झोपतं. लिहिलेलं काही नाही, सगळं मनगटात. मुलीचा चेहरा बघून ती वेढे कमी-जास्त करायची. जिनवाले तरी वेगळं काय करतात, साधं, बिनवासाचं स्पिरिट घ्यायचं, त्यात ह्या साली, मुळं, बिया भिजत घालायच्या नाहीतर त्यांच्यातून वाफ जाऊ द्यायची, आणि परत गाळायचं. कशाचा किती वेढा हाच सगळा खेळ. हपुसा हे नावसुद्धा संस्कृतातल्या हपुषावरून आलंय, म्हणजे ज्युनिपरच. पुढे एकदा मी रविवार पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात विचारलं तर त्यांनी हाउबेर म्हणून कागदाच्या पुडीत बांधून दिलं. पोटासाठी का, विचारलं. मी हो म्हणाले. घरी येऊन एक दाणा चावला, आधी गोडसर, मग राळ चावल्यासारखं कडू, आणि ते कडू संध्याकाळपर्यंत.

तेव्हा एवढंच डोक्यात होतं. रुमालाचं वाक्य रात्री आलं.

आता बाबांबद्दल. बाबा कॅम्पातल्या एका ऑफिसात अकाउंट्सला होते. शनिवार पेठेतून लुनावर जायचे, लक्ष्मी रोड, क्वार्टर गेट, ईस्ट स्ट्रीट. त्या काळी पेठेतल्या आमच्यासारख्यांना कॅम्प म्हणजे परगाव होतं. तिकडची बिस्किटं वेगळी, तिकडच्या बायकांचे केस वेगळे, आणि डिसेंबरात तिकडे खिडक्यांमध्ये कागदी चांदण्या लागायच्या. त्यांच्या ऑफिसात एक ख्रिश्चन सहकारी होते, आम्ही त्यांना केकवाले काका म्हणायचो, आणि नाताळच्या संध्याकाळी बाबा दरवर्षी न चुकता त्यांच्याकडे जायचे. एकटे. दिवाळीत काका आमच्याकडे यायचे, तेही एकटेच, चकली-चिवडा खाऊन बाकीचा फराळ डब्यातून घेऊन जायचे. नाताळला बाबांबरोबर एक ॲल्युमिनिअमचा चपटा डबा यायचा. त्यात काळपट केकच्या जाड फोडी, कुलकुल, पिठीसाखरेच्या चिकट वड्या. आम्ही भावंडं साडेनऊपर्यंत जागत बसायचो. केकमध्ये रम असते असं वर्गातल्या एकीने सांगितलं होतं म्हणून मी खाताना मुद्दाम डोळे मिटायची, काही होतंय का बघायला.

घरी आल्यावर बाबा दोन गोष्टी करायचे. एक म्हणजे डबा आमच्या हातात द्यायच्या आधीपासून ते बडीशेप चघळत असायचे. आणि दुसरं म्हणजे थेट न्हाणीघरात जाऊन अंघोळ करायचे, डिसेंबरातल्या रात्री, बंब विझलेला, गार पाण्याने. आम्ही समजायचो की आजीसाठी. आजीचं सोवळं कडक, ख्रिश्चनाघरी जाऊन आल्यावर अंघोळ केलीच पाहिजे, असं तीच एकदा म्हणाली होती. बाबा सोवळं वगैरे काही मानत नव्हते, पण आपल्या आईचा शब्द राखतात म्हणून मला त्यांचं कौतुक वाटायचं. मोठी झाल्यावर तर ह्या अंघोळीवर मी एकदा कॉलेजच्या मासिकात तावातावाने लिहिलं होतं, जातीधर्माच्या भिंती वगैरे. बाबांनी तो लेख वाचला होता. वाचून घडी घालून ठेवला, एक अक्षर बोलले नाहीत, आणि मला वाटलं शरमले.

म्हणजे आजीला वाटायचं सोवळ्यासाठी, मला वाटायचं आजीसाठी, आणि बाबा गार पाण्याने कुडकुडत तोंडाचा वास घालवत होते.

आणि मिशा पुसलेला रुमाल तेवढा शर्टाच्या खिशात राहून जात होता. शर्ट धुवायला कोण घेणार, तर आई.

जिनच का, ह्याचाही मी विचार केला. रम दारातूनच कळते. व्हिस्कीचा वास उशीला लागतो. जिन लिंबाच्या सरबतात घातली की सरबतच दिसतं, समोर यजमानांची मुलं खेळत असतील तरी पेला हातात धरता येतो. त्या वेळी आपल्याकडे जिन म्हटलं की ब्लू रिबँड, तीच असणार बहुतेक. वर्षातून एकदा, एक किंवा दोन पेले, कागदी चांदण्यांच्या खाली. केकवाले काका आणि बाबा काय बोलत असतील? ऑफिसातच बसून दिवसभर एकमेकांच्या शेजारी, तरी बाबा हसताना मला आठवतात ते त्या रात्रीच, डबा उघडताना. आम्हाला वाटायचं केकमुळे.

मला राग आला का? आला थोडा, पण तो नेमका कुणाचा तेच कळेना. बाबांचा नाही. मी टेबलावर पाच बाटल्या मांडून, आईसमोर, मार्क देत बसू शकते आणि त्यांना दोन पेल्यांसाठी गार पाणी अंगावर घ्यावं लागलं, ह्यात मी काही शौर्य केलेलं नाही, चाळीस वर्षं उशिरा जन्मले एवढंच. थोडा राग आईचा आला, खरं तर. इतकी वर्षं तिला माहीत होतं आणि मी लोकांना 'आमचे बाबा निर्व्यसनी' सांगताना ती शेजारी बसून पोह्यांवर खोबरं घालत होती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. रात्रीचंच टेबल पुसून त्यावर पाट, तांदूळ, कळश. फळं मांडायला घेतली तर चारच. संत्रं नाही. मग आठवलं, मित्राने आदल्या रात्री ग्लासात घालायला संत्र्याची साल काढली होती, सुरेख, लांब, एका पट्टीत, सगळ्यांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. मंडईतलं, देवीचं संत्रं. फ्रीजमध्ये बघितलं तर ते बिचारं उघडंबोडकं दह्याच्या भांड्याशेजारी बसलेलं. मला घामच फुटला. आईने फ्रीजमध्ये डोकावून बघितलं आणि म्हणाली, "पेरू ठेव." मग पेरू ठेवला. संध्याकाळी आरती, कहाणी, बायकांना फळं आणि पोथी. शेवटी मी आईला हळदीकुंकू लावते, बाबा गेल्यापासून दरवर्षी, आणि ती दरवर्षी "राहू दे गं" म्हणते आणि कपाळ पुढे करते. तेव्हा अगदी जवळून मी हळूच विचारलं, "तू बाबांना कधी म्हणाली नाहीस काही?"

"काय म्हणायचं?" आई म्हणाली. "बरा होता वास. धण्यासारखा. वर्षातून एकदा यायचा."

मग प्रसादाच्या वाट्या भरता भरता, माझ्याकडे न बघता, तिने दुसरंच काढलं. केकवाल्यांचा एक डबा आपल्याकडे राहिलाय म्हणे. बाबा रिटायर झाले त्या वर्षीचा. त्यानंतर त्यांचं जाणं सुटलं, मग काकांचं दिवाळीला येणं सुटलं, आणि डबा राहिला. रिकामा डबा कसा परत पाठवायचा म्हणून ती काहीतरी करून भरून पाठवणार होती, ते आज करू उद्या करू होत गेलं. मी म्हटलं, आहे का अजून? "आहे ना. धणे ठेवते त्यात." मला तो डबा डोळ्यांसमोर आला, स्वयंपाकघरातल्या फडताळात खालच्या कप्प्यात, झाकणाला पोचा आलेला. मी त्यातून शेकडो वेळा धणे काढलेत. ओळखला नव्हता.

बाबांच्या जुन्या डायरीत पत्ता सापडला, ईस्ट स्ट्रीटच्या मागच्या गल्लीतला, फोन नंबर नाही. काका हयात आहेत का माहीत नाही, ती इमारत तरी आहे का ते बघायला मी एकदा जाणार होते आणि गाडी लावायला जागा नाही म्हणून तशीच परत आले, असं मी नवऱ्याला सांगितलं. जागा होती खरं तर. एका खिडकीत, जानेवारी अर्धा सरला तरी, कागदी चांदणी होती आणि मला वर जायचा धीर झाला नाही, हातात काही नव्हतं.

परवा सकाळी आईचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होते, तरी घेतला. "धणे बरणीत काढून ठेवलेत," ती म्हणाली, "डबा चिंचेने घासलाय. आता त्यात काय घालून न्यायचं ते तू सांग. दिवाळी तर लांब आहे."